पाना उंबऱ्याबाहेर

घट्टमामांच्या घरातली कुठलीही बरणी उघडायची असेल, तर आधी घरात घट्टमामा असावे लागत. साखरेची असो, डाळीची असो, की मामीच्या बटणांची. झाकण एकदा मामांच्या हातून बसलं की ते मामांच्याच हातून निघायचं. त्यांनी बंद केलेला नळ सोडायला मामी दोन्ही हात आणि एक गुडघा लावायची. पाण्याच्या पंपघरात मामांनी छत्तीस वर्षं फिटरकी केली आणि त्यांच्या हाताखालून गेलेल्या एकाही जोडातून कधी थेंब गळला नाही, हे त्यांचे वैरीसुद्धा कबूल करत. सैल राहिलं की गळणार आणि घट्ट झालं की मिटलं, एवढ्या एका समजुतीवर त्यांची नोकरी आणि संसार दोन्ही पार पडले होते. 'घट्टमामा' हे नाव भाच्यानं, थोरल्या बहिणीच्या मुलानं, ठेवलेलं. तो सात वर्षांचा असताना मामांनी त्याच्या सायकलची घंटी अशी काही आवळून दिली की ती पुन्हा वाजलीच नाही. आता भाचा चाळिशीला टेकला होता, दूरच्या शहरात नोकरीला होता, मामाही निवृत्त झाले होते, पण नाव टिकून होतं.

इतरांच्या शर्टाच्या खिशात पेन असतं, मामांच्या खिशात पाना असे. वीतभर लांब, जबडा लहानमोठा करता येणारा, हाताच्या घामानं काळा पडलेला. तो घेऊन ते लग्नाला जात, दवाखान्यात जात, आणि जिथे बसतील तिथल्या खुर्चीचा ढिला नट कोणाच्या नकळत आवळून येत. सबंध गावात एकच दार असं होतं जिथे मामांना तो पाना बाहेर काढून ठेवावा लागे. ते दार त्यांच्या थोरल्या बहिणीच्या सुतारकामाच्या दुकानाचं होतं, आणि तिची आज्ञा साधी होती: चपला आणि पाना, दोन्ही उंबऱ्याबाहेर.

दुकान मूळचं त्यांच्या बाबांचं. लांबलचक खोली, उंचावर दोन खिडक्या, एका भिंतीला उंचीप्रमाणे उभ्या केलेल्या फळ्या, दुसऱ्या भिंतीवर खिळ्यांना टांगलेले खुर्च्यांचे पुठ्ठ्याचे नमुने. हे दुकान मुलाकडे न जाता मुलीकडे का गेलं, याची हकीकत ताई पाहुण्यांना आवडीनं सांगे. मामा दहा वर्षांचे असताना बाबांच्या देखत एका स्टुलाला स्क्रू पिळत होते. बाबा म्हणाले, "पुरे." मामांनी आणखी अर्धा आटा दिला आणि स्टुलाची फळी मधोमध उलली. बाबा रागावले नाहीत. दोन्ही तुकडे हातात घेऊन त्यांनी पाहिले आणि आईला सांगितलं, "याला लोखंडात घाला. लाकडाला याचा हात सोसायचा नाही." तेव्हा मामा लोखंडात गेले आणि ताईनं रंधा हातात घेतला. पुढे लग्न झालं, मुलगा झाला, नवरा वारला, पण ताईच्या हातातला रंधा काही सुटला नाही.

पान्यावरच्या बंदीला मात्र पाचच वर्षं झाली होती. दुकानाच्या कोपऱ्यात बाबांच्या वेळचं बँडसॉ मशीन होतं. माणसापेक्षा उंच, बिडाचं, खाली एक आणि वर एक अशी दोन मोठी चाकं, आणि त्या दोन चाकांवरून पट्ट्यासारखी गरगर फिरणारी दातेरी पोलादी पट्टी. मधे टेबल. टेबलावर लाकूड ठेवून पट्टीकडे सरकवायचं आणि हवं तसं वळवायचं. सरळ कापायला दहा हत्यारं आहेत, पण गोलाई कापावी ती या मशीननं. पाच वर्षांपूर्वी ताई दुपारची जेवायला गेली असताना मामांना ती पट्टी जराशी सैल वाटली, आणि बहिणीवरच्या मायेपोटी त्यांनी ती आवळली. आवळली म्हणजे मामांनी आवळली. ताईनं येऊन बटण दाबलं, लाकूड लावलं आणि बंदुकीचा बार व्हावा तशी पट्टी तुटली. तिचं टोक ताईच्या कोपराजवळून जाऊन कपाटाच्या दारात घुसलं.

ताईला खरचटलंसुद्धा नाही. पण तिनं त्या दिवशी मशीनवर चादर टाकली आणि ती पुन्हा काढली नाही. गोलाई हातकरवतीनं कापू लागली. कपाटाच्या दारावरची खाच बुजवायला तिला दहा मिनिटं लागली असती, तीही तिनं तशीच ठेवली. मामा दर रविवारी सकाळी आठला चहाला येत, चपला काढत, पाना काढून चपलेवर ठेवत आणि त्या खाचेकडे पाठ करून बसत.

अशाच एका रविवारी कप खाली ठेवून ताई म्हणाली, "मी जातेय लेकाकडे. कायमची."

मामांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. ताईनं उजवा हात पुढे केला. अंगठ्याचं मूळ सुजून टम्म झालं होतं. "वाचनालयानं चोवीस खुर्च्या मागितल्यात, गोल पाठीच्या. एकेका पाठीला पाच लाकडी पट्ट्या. हातकरवतीनं एक कापली, तर दोन दिवस भाकरी मोडता आली नाही मला. त्याच्याकडे एक खोली रिकामी आहे. ये म्हणतोय कधीचा. भंगारवाला शनिवारी चारला मशीन न्यायला येतोय."

"आणि खुर्च्या?"

"शनिवारी नाही म्हणून कळवते."

"आणि रविवारी मी कुठे जाऊ?" मामा म्हणाले.

हे त्यांच्या तोंडून निसटलं. चौसष्ट वर्षांच्या माणसानं असं विचारू नये हे त्यांना कळत होतं, पण विचारून झालं होतं. या गावात त्यांना 'अरे' म्हणणारं एकच माणूस उरलं होतं, आणि ते आता सामानासकट निघालं होतं.

ताईनं त्यांच्याकडे पाहिलं, मग चादरीखालच्या मशीनकडे पाहिलं. मामा घाईघाईनं म्हणाले, "मला सहा दिवस दे. मी ते चालू करून देतो. तू म्हणशील तसं."

"तू?"

"मीच तोडलं ना?"

ताईनं कपाटावरच्या खाचेकडे पाहिलं. मग म्हणाली, "मी समोर असेन तेव्हाच पाना आत यायचा. मी पुरे म्हटलं की पुरे. आणि शनिवारी बाबांचं नाणं. उभं राहिलं तर वाचनालयाला हो म्हणते. पडलं तर भंगारवाल्याला चहा तू पाजायचास."

बाबांचं नाणं म्हणजे खिडकीच्या चौकटीतल्या खोबणीत ठेवलेलं एक जाडजूड जुनं नाणं. मशीन दुरुस्त झालं की बाबा ते चालू करत, टेबलावर नाणं कडेवर उभं करत आणि मग निवांतपणे चष्मा पुसायला घेत. चष्मा पुसून होईपर्यंत नाणं उभं राहिलं तर मशीन पास. पडलं तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. बाबांचा चष्मा फार स्वच्छ असे, कारण ते तो अजिबात घाई न करता पुसत.

सोमवारी चादर निघाली. ताई स्टुलावर बसली, मामांनी बाह्या वर केल्या. खालच्या चाकाच्या पेटीत भुश्याचा डोंगर होता आणि त्या डोंगरात उंदरांचं घर. खुर्च्यांच्या जुन्या नमुन्यांचे कागद कुरतडून त्यांनी गादी केली होती. ताई म्हणाली, "चला, माझ्या नमुन्यांवर कोणीतरी आरामात बसलं." टेबलाला चढलेला गंज मामांनी रॉकेल आणि पॉलिश पेपर लावून उतरवला. घासता घासता त्यांची जीभ बाहेर आली होती. ती लहानपणीही यायची, हे ताईला आठवलं आणि तिनं ते लगेच सांगूनही टाकलं.

मधे वाचनालयातून फोन आला म्हणून ताई दाराशी गेली. मामांनी तेवढ्यात वरचं चाक साफ करायला घेतलं. ताई समोर नसताना पाना आत आणायचा नव्हता, पण त्यांच्या हातात होता जुना स्क्रूड्रायव्हर, तेव्हा अट मोडली असं म्हणता येत नव्हतं. चाकाच्या एका आऱ्याला, आतल्या बाजूनं, भुसा आणि चिकाचा काळाकुट्ट गोळा साचला होता. मामांनी तो खरवडून खरवडून मोकळा केला. आत लिंबाएवढं शिसं निघालं, एका बोल्टवर लटकलेलं. कोणीतरी काहीतरी ठिगळ मारून ठेवलंय असं मनाशी म्हणत मामांनी तेही काढलं आणि खिशात टाकलं. धातू फेकायचा नाही, हा पंपघराचा नियम होता. चाक लख्ख झालं. मामा स्वतःवर खूश झाले.

मंगळवारी जुनी बेअरिंगं निघाली. फिरवली की त्यांच्यातून वाळू दळल्यासारखा आवाज येई. मामांनी त्यांच्यावरचे आकडे चिठ्ठीवर लिहून घेतले, दुकानातून त्याच आकड्यांची नवी आणली, आणि लाकडाच्या ठोकळ्यावर हलके हलके ठोकत बसवली. हलके ठोकणं त्यांना जड जात होतं. दर तिसऱ्या ठोक्याला ताईकडे नजर जाई आणि ताई मान हलवे. नवी बेअरिंगं बसल्यावर चाकाला नुसतं बोट लावलं तरी ते बिचारं फिरतच राही.

बुधवारी चाकांच्या कडेचं कडक झालेलं रबर सोलून नवं चिकटवलं. ते वाळायला पूर्ण दिवस लागतो असं डब्यावर छापलं होतं. मामा दर तासाला येऊन बोट लावून पाहत होते. चौथ्या खेपेला ताईनं त्यांना दरवाजातूनच परत पाठवलं. घरी मामी म्हणाली, "अहो, डाळ शिजतेय का, बघता का जरा? तुमचं बोट तरी कामाला लागेल." गुरुवारी रबराला वरून पॉलिश पेपर फिरवून गोलाई दिली, मोटरचा पट्टा बदलला, आणि ताईनं स्वतः गिरमिट, किकरं, रंधे तेलानं पुसून जागच्या जागी लावले. कोणी जाणारा माणूस रंध्यांना तेल लावून ठेवत नाही, असं मामांच्या मनात आलं. मग त्यांना वाटलं, ताई तर जातानाही लावून ठेवील.

शुक्रवारी नवी पट्टी चढवायची होती.

पट्टी ताणायचा एक मोठा स्क्रू मशीनच्या डोक्यावर असतो. तो फिरवला की वरचं चाक वर सरकतं आणि पट्टी ताठ होते. मामांनी पाना लावला आणि हळूहळू आटे देऊ लागले. ताई उठून जवळ आली. तिनं पट्टीला तारेसारखी टिचकी मारली. ढब्ब आवाज आला. "अजून," ताई म्हणाली. आणखी एक आटा. पुन्हा टिचकी. "अजून थोडं." या वेळी आवाज भरून आला, खोलीभर रेंगाळला. ताई म्हणाली, "पुरे."

मामांचा हात पान्यावर होता. हाताला वाटत होतं की अजून अर्धा आटा बसेल, सहज बसेल, बसायलाच हवा. कपाळावर घाम आला. त्यांनी डोळे मिटले आणि पाना काढून घेतला.

"शाबास," ताई म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदाच म्हणाली.

मग पट्टीच्या दोन्ही बाजूंचे आधाराचे ठोकळे बसवायचे होते. मामांनी ते पट्टीला चिकटवून टाकले. ताईनं टेबलावरचं वाचनालयाचं पत्र घेतलं, त्याचा कोपरा फाडला आणि तो पट्टी आणि ठोकळ्याच्या मधे सरकवून पाहिला. सरकेना. "एवढी जागा हवी तिला. कागदाएवढी. चिकटून बसलास तर गरम होऊन मरेल."

"मला वाटलं धरून ठेवायचं असतं."

"सोबत करायची असते," ताई म्हणाली. "धरून ठेवायचं नसतं."

मामांनी ठोकळे कागदाएवढे मागे घेतले. निघताना त्यांना बाबांची सवय आठवली. बाबा रोज काम संपलं की पट्टी सैल करत आणि सकाळी पुन्हा ताणत. पट्टीला रात्रभर ताणून ठेवलं तर ती थकते आणि चाकाच्या रबराला खड्डा पडतो, म्हणायचे. "सैल करून जाऊ का?" मामांनी विचारलं.

"राहू दे. उद्या चालणाऱ्या मशीनची पट्टी सैल करतात. भंगारात जाणारीला कसला आराम?" ताई म्हणाली. मामा त्या दिवशी घरी जेवले नाहीत.

शनिवारी दहा वाजता ताईनं बटण दाबलं. मशीन घुमायला लागलं, पट्टी चाकांवर नेमकी मधोमध धावत होती, ठिणगी नाही, करकर नाही. मामांचा चेहरा उजळला. मग सबंध मशीन अंगात आल्यासारखं हलायला लागलं. टेबल थरथरलं, खिडकीच्या काचा वाजल्या, भिंतीवरचे नमुने डोलायला लागले. ताईनं नाणं उभं केलं. ते क्षणभरही टिकलं नाही. दुसऱ्यांदा ठेवलं, पडलं. तिसऱ्यांदा ते घरंगळत जाऊन फळ्यांच्या मागे पडलं आणि मामांना गुडघ्यांवर बसून शोधावं लागलं.

"पट्टी जराशी आवळली की बसेल," मामा म्हणाले. त्यांचा हात डोक्यावरच्या स्क्रूकडे गेलासुद्धा.

ताईनं मशीन बंद केलं आणि कपाटाच्या दाराकडे पाहिलं.

मामांनी हात खाली घेतला. सहा दिवस, नवी बेअरिंगं, नवं रबर, नवी पट्टी, आणि त्यांच्या डोक्यात अजूनही तेच एक औषध. त्यांची त्यांनाच लाज वाटली. ते उंबऱ्यापाशी गेले, पाना चपलेवर ठेवला आणि रिकाम्या हातांनी परत आले. कोणी सांगितलं नसताना मामांनी पाना बाहेर ठेवल्याची ही पहिलीच वेळ होती.

हात रिकामे झाल्यावर डोकं चालू लागलं. त्यांनी ताईला विचारून पट्टी उतरवली आणि वरचं चाक हातानं हलकंच फिरवलं. ते फिरलं, मंद झालं, थोडं मागे झुललं आणि थांबलं. पुन्हा फिरवलं. पुन्हा तसंच झुललं आणि तीच बाजू खाली येऊन थांबली. ताई उठली, फळीवरचा खडू घेतला आणि खाली आलेल्या टोकाला खूण केली. तिसऱ्यांदा फिरवलं, तरी खूण बरोबर खाली.

"एक बाजू जड आहे," मामा म्हणाले.

"जड नाही. समोरची हलकी झालीय." ताई खडू हातात धरून चाकाकडे बघत होती. "मी आठ वर्षांची होते. बाबा चाक फिरवायचे आणि ते थांबलं की खालच्या टोकाला खडूची खूण करायची, हे माझं काम. मग त्यांनी शिसं ओतलं आणि समोरच्या आऱ्याला लावलं. या इथे." तिनं लख्ख घासलेल्या आऱ्यावर बोट ठेवलं. "इथलं शिसं कुठे गेलं?"

पंपांची पाती तोलून घेण्यात ज्याची हयात गेली, त्या माणसानं बापाच्या हातचा तोल घाण म्हणून खरवडून काढला होता, आणि वर स्वतःवर खूश झाला होता.

"घरी आहे," ते म्हणाले.

"घरी कुठे?"

"दुधावर."

सोमवारी खिशातून निघालेला तो जड गोळा मामीला पसंत पडला होता. शेजारचं मांजर दुधाच्या पातेल्याचं झाकण पाडायचं, म्हणून तिनं तो घासूनपुसून झाकणावर ठेवला होता आणि चार दिवस मांजर हात चोळत बसलं होतं. मामांनी फोन केला. पलीकडून मामी म्हणाली, "शिसं आणते, पण दुधाचं काय करू? ते खिडकीतच बसलंय टपून."

"दूध पिऊन टाक."

"दोन लिटर?"

वीस मिनिटांनी मामी आली. एका हातात शिसं आणि दुसऱ्या हातात दुधाचं पातेलं. मांजराच्या भरवशावर घर सोडायला ती तयार नव्हती. ताई पातेल्याकडे बघत राहिली आणि मग इतकी हसली की तिला स्टुलावर बसावं लागलं. मामांना वाटलं होतं, आज ताई बोलणं टाकेल. ती डोळे पुसत म्हणाली, "बाबांचं शिसं मांजराच्या कामी आलं. ते असते तर त्यांनी तुला पुन्हा एकदा लोखंडात घातलं असतं."

शिसं आऱ्यावर बसलं. नव्या रबरामुळे तोल केसभर बदलला होता, म्हणून ताईनं चाकूनं शिशाची एक चिमूटभर ढलपी काढली. चाक फिरवलं. खूण वर थांबली. पुन्हा फिरवलं, डाव्या बाजूला थांबली. पुन्हा, तर भलतीकडेच.

"पाना आण आत," ताई म्हणाली. "आणि हा बोल्ट घट्ट कर."

मामांनी पाना लावला. एक आटा, दुसरा आटा, मग बोल्ट बसला. सवयीनं त्यांनी ताईकडे पाहिलं आणि 'पुरे'ची वाट पाहिली.

"अजून?"

"अजून. फिरत्या चाकावरून हे सुटलं तर भिंतीपलीकडे जाईल. तुझा सगळा जोर लाव."

मामांनी दोन्ही पाय रोवले, जीभ बाहेर काढली आणि तो बोल्ट असा आवळला की पुढच्या कुठल्याही पिढीला तो निघणार नाही. गेल्या कित्येक वर्षांत त्यांना एवढा आनंद झाला नव्हता. पट्टी पुन्हा चढली, टिचकी वाजली, ताईनं 'पुरे' म्हटलं आणि मामा लगेच थांबले.

या खेपेला बटण मामांनी दाबलं. मशीन घुमलं. आवाज फक्त वाऱ्याचा येत होता. ताईनं नाणं कडेवर उभं केलं, बोटं बाजूला घेतली, पदराचं टोक धरलं आणि चष्मा पुसायला घेतला. एक काच झाली. नाणं उभं होतं. मामीनं हातातलं पातेलं खाली ठेवण्याचंही टाळलं, न जाणो जमीन हलली तर. दुसरी काच. ताईनं चष्मा उजेडात धरून पाहिला, समाधान झालं नाही म्हणून पहिली काच पुन्हा पुसली. मामांना तिचा राग येऊ लागला. शेवटी तिनं चष्मा डोळ्यांवर ठेवला, वाकून नाण्याकडे पाहिलं आणि ते उचलून खोबणीत ठेवलं.

मग तिनं एक फळी घेतली, नमुना ठेवून पेन्सिलीनं खुर्चीच्या पाठीची गोलाई आखली आणि लाकूड पट्टीला लावलं. मऊ साबण कापावा तसं ते कापत गेलं. सुजलेला अंगठा नुसता लाकडावर टेकलेला, जोर लावायचं कामच नाही. कापलेल्या कडेवरून तिनं तळहात फिरवला, आणि दुसरी फळी घेतली.

चार वाजता भंगारवाला हातगाडी घेऊन आला. ताई खुर्चीच्या पाठीची दहावी पट्टी कापत होती, तिनं मान वर केली नाही. मामांनीच त्याला उंबऱ्यावर बसवलं. मामीच्या दुधाचा चहा झाला, सगळ्यांना दोन-दोन कप झाला आणि तरी उरला. भंगारवाला कप हातात घेऊन म्हणाला, "हे चालतंय की. मग मी काय नेऊ?" मामांनी त्याला जुनी बेअरिंगं आणि फाटकं रबर दिलं. एवढ्यासाठी एवढी मोठी गाडी आणली म्हणून तो जरा कुरकुरला, पण तिसरा कप घेऊन गेला.

मामा ताईला काही विचारायला धजले नाहीत. नाणं उभं राहिलं होतं हे खरं, पण लेकाकडची खोलीही खरी होती, अंगठाही खरा होता, आणि ताईच्या मनातलं तिनं सांगितल्याशिवाय आजवर कोणाला कळलं नव्हतं. पाच वाजता तिनं मशीन बंद केलं. भुसा झाडून पोत्यात भरला. कापलेल्या पट्ट्या मोजून भिंतीशी लावल्या. मामी पातेलं घेऊन पुढे निघाली होती. मामा चपला शोधत होते.

"अरे," ताई म्हणाली, "तसाच निघालास? पट्टी सैल कर आधी."

मामा जागच्या जागी उभे राहिले. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती हात झटकत होती, जणू काही विशेष बोललीच नव्हती. मामा परत फिरले, स्क्रूला पाना लावला आणि उलट्या बाजूला आटे देऊ लागले. डोळ्यांपुढचं नीट दिसत नव्हतं, पण त्या कामाला डोळे लागत नाहीत.

"बाबा किती द्यायचे?"

"चार."

मामांनी चार आटे मोजून सोडले आणि थांबले. ताईनं पट्टीला टिचकी मारली, कान दिला आणि म्हणाली, "आणखी अर्धा."

मामांनी अर्धा दिला. ताईनं त्यांच्या हातातून पाना घेतला, भिंतीवरच्या खुर्च्यांच्या नमुन्यांमधे एक रिकामा खिळा होता त्याला अडकवला, आणि दिवा मालवायला गेली.